न घाबरलेलं झाड

१

वादळानं सागवान उन्मळून पडलं, तेव्हा त्याच्या मुळांसोबत एक माणूस वर आला.

माणूस म्हणजे हाडं. मुळं बरगड्यांमधून आरपार वाढली होती आणि मांडीच्या हाडात लोखंडी रॉड होता. पवनारच्या पुढे आमच्या शिवारात मे महिन्यात अशी वादळं येतात, छपराची टिनं उडतात, झाडं पडतात. पण पडल्या झाडाखालून माणूस निघाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मी ते पाहिलं आणि तिथंच ढेकळांवर बसकण मारली. मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून शौर्याची अपेक्षा राहणार नाही.

जुन्या ऑपरेशनच्या त्या रॉडवरून ओळख पटली. तो कैलास होता, माझी थोरली बहीण पंचफुला हिचा दीर. १९९९ साली तो घर सोडून सुरतेला गेला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि ज्या शेताच्या धुऱ्यावर तो निघाला, ते शेत होतं त्याच्या सख्ख्या भावाचं. म्हणजे माझ्या चंद्रभान भाऊजींचं.

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्याकडे धुऱ्यावर नांगर चालत नाही आणि धुऱ्यावरच्या झाडाला शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कोणी हात लावत नाही. लावला तर तीन पिढ्या भांडण पुरतं. एखादी गोष्ट कायमची पुरायची असेल, तर त्याहून चांगली जागा नाही.

ठाणेदार कैलासच्या म्हाताऱ्या आईसमोर, आनंदाबाईसमोर, उकिडवे बसले. "आजी, कैलासची काही खबर होती का?"

"व्हती ना जी!" आनंदाबाई उलट खुशीत आली. हाडं कैलासची आहेत हे तिनं मानलंच नव्हतं. "सुरतेहून पत्रं येत. आठ वर्सं आली. मले वाचता येत नाई, तं डोमाजी गुरुजी वाचून दाखवत अन् उत्तर धाडाले पत्र संगं नेत. हर पत्रात पोरगा विचारे, विहिरीले पानी किती हाय? गुरुजीले घेऊ दे म्हने, आपल्या वावराकडं तेच पाहून राह्यले."

"शेवटचं पत्र कधी आलं?"

"चंद्रभान बल्लारपूरची मजुरी सोडून घरी आला, त्याच साली. मंग नाई आलं."

ठाणेदारांनी भाऊजींकडे पाहिलं. ते साल २००७. म्हणजे तोवर कैलास जिवंत होता. मग तो परत आला असणार, थोरल्याला वाटणी मागितली असणार, आणि थोरल्यानं त्याला धुऱ्यात घालून वर सागवान लावलं असणार. आई एका पोराच्या पत्रांचं कौतुक सांगत होती आणि दुसऱ्याच्या गळ्यात फास अडकवत होती. तिला ते कळत नव्हतं. मला कळत होतं.

"झाड मी नाई लावलं, साहेब," भाऊजी म्हणाले. "मी आलो तवा ते उभंच व्हतं."

धुऱ्यापलीकडचं शेत महादेवरावांचं. झाड कधीचं, ते ठाणेदारांनी त्यांना विचारलं. कैलासशी या धुऱ्यावरून त्यांची एकदा हातघाई झाली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. महादेवरावांनी मिशीवरून हात फिरवला. "याद नाई मले," ते म्हणाले आणि चालू लागले.

२

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतला शिपाई आहे. उन्हाळ्यात कॉलेज बंद असतं, पण मागच्या खोलीत गुंजन मॅडमचं काम चालू असतं. बडीशेप चघळत, शिवणाची सुई हातात धरून ही बाई दिवसभर लाकडाची वलयं मोजते. जिल्ह्यातल्या चाळीस जुन्या सागवानांतून तिनं पेन्सिलीएवढ्या कांड्या काढल्या आहेत. त्यावरून दोनशे वर्षांत इथं कधी किती पाऊस पडला ते ती लिहून काढते. भिंतीवर तिनं कागदाची एक लांबलचक पट्टी लावली आहे, तिच्यावर सालं आणि रेघा.

ठाणेदारांनी तिलाच बोलावलं. वर वाढलेलं झाड किती वर्षांचं आहे ते कळलं, की खाली माणूस निदान किती वर्षं होता ते कळेल. २००७च्या आधीचं झाड असेल तर भाऊजी सुटले, कारण तेव्हा ते बल्लारपूरला होते आणि हजेरीपट साक्षीला होता.

धुऱ्यावर बुंधा कापला, तेव्हा पंच म्हणून महादेवराव आणि डोमाजी गुरुजी उभे होते. कापलेल्या तोंडावर ठाणेदारांनी मार्करनं दोघांच्या सह्या घेतल्या आणि मग वीतभर जाडीचा तुकडा आमच्या ताब्यात दिला.

गुरुजींनी मला दुसरीत पाढे शिकवलेले. शाळा सांभाळतानाच त्यांनी भाजीपाल्याची वाडी केली होती. आता त्यांची वांगी वर्ध्याच्या बाजारात नाव सांगून विकली जातात. त्यांनी कौतुकानं विचारलं, "मॅडम, हे मोजनं सोपं हाय ना? एक वलय, एक वर्ष?"

"सोपं आहे, गुरुजी."

"मी चाळीस वर्सं पोराईले तेच शिकवलं," ते हसले.

वर्ध्यात आल्यावर लाकूड कापायच्या आरामशीनवर तुकडा नेला. वरचं तोंड साखळीच्या करवतीनं चावून ठेवलं होतं, म्हणून दोन बोटं जाडीचा काप वरून काढून टाकला. खालचा तुकडा सरळ निघाला. त्याला मी नंबराची चिठ्ठी चिकटवली आणि मॅडमनं तो दोन दिवस सावलीत वाळत ठेवायला सांगितलं. ऊन असं, की त्या दोन दिवसांत आम्हीही वाळलो. कुलर गरम हवा फेकत होता. माठाचं झाकण फुटलं होतं, तिथं मी लाकडाची एक चकती बसवली, वर स्टीलची ताटली, ताटलीत पेला. संसार झाला.

दुसऱ्या दिवशी पंचफुला आली. दारातच उभी राहिली. "गोपाल, तू त्या मॅडमजवळ असते ना? तिले सांग, नीट मोजजो म्हना. माह्या घरचा माणूस मुंगीले पाय लावत नाई."

ती गेल्यावर अर्ध्या तासानं गुरुजी आले, थैलीभर वांगी घेऊन. घरच्यांची विचारपूस केली. मी त्यांना बसवून पेलाभर पाणी दिलं. गुरूला पाणी आपल्या हातानंच द्यावं. मग मॅडम जेवायला गेली, आणि माझा डोळा लागला. उठलो तेव्हा गुरुजी गेलेले होते आणि वांगी टेबलावर होती.

३

तिसऱ्या दिवशी मॅडमनं तुकडा घासून आरशासारखा केला आणि सुई टेकवली. मी मागे उभा राहून देवाचं नाव घेत होतो.

"सतरा," ती म्हणाली.

पुन्हा मोजली. सतरा. यंदाची वाढ पावसाशिवाय सुरू होत नाही, म्हणजे शेवटचं वलय २०२४चं आणि पहिलं २००८चं. भाऊजी गावात आले त्याच्या पुढल्या पावसाळ्यातलं झाड.

त्याच दुपारी भाऊजींना अटक झाली. पंचफुलाचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता. मी फोन कानाला लावून तसाच उभा होतो, आणि मला वाटत होतं की हे माझ्याच हातून घडलं.

मॅडम मात्र तुकड्यावरून उठत नव्हती. बडीशेप संपली तरी तोंड हलत होतं.

"गोपाल, इकडे ये. हे झाड कधी घाबरलेलंच नाही."

मला वाटलं, उन्हाचा परिणाम.

"पाऊस दगा देतो तेव्हा झाड घाबरतं," ती म्हणाली. "हात आखडून घेतं. त्या वर्षीचं वलय बारीक, केसाएवढं. ही पट्टी बघ. २००९, बारीक. २०१४, बारीक. २०१५, बारीक. जिल्ह्यातल्या चाळीसच्या चाळीस झाडांत. डोंगरावरच्या, नाल्याकाठच्या, सगळ्या. आणि हे?"

मी वाकून पाहिलं. सतराही वलयं जाडजूड, एकसारखी, खाऊनपिऊन सुखी.

"तुझ्या भाऊजींचं शेत ओलिताचं आहे का?"

"ना जी. एक विहीर हाय, थे बी धुऱ्यापासून दूर. आता आटली."

"मग कोरड्या धुऱ्यावरचं झाड तीन दुष्काळांत असं गुबगुबीत कसं राहिलं?" तिनं सुई खाली ठेवली. "हा तो तुकडा नाही. कोणीतरी बदलला."

खोलीला एकच दार आणि किल्ली माझ्याकडे. ती हे बोलली नाही. पण मला घाम फुटला, तो उन्हाचा नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आम्ही माझ्या स्कूटरवर धुऱ्यावर पोचलो. मेमधली आमच्याकडची दुपार रात्रीपेक्षा वाईट. चिटपाखरू नाही. हाक मारली तर ऐकायला कोणी नाही.

झाडाचं खोड गायब होतं. त्याचं नवल नव्हतं; सागवान पडलं की दोन दिवसांत पाय फुटतात. पण बुडखाही उरला नव्हता. मुळांचा सगळा गड्डा जाळून टाकला होता. पांढऱ्या राखेतून अजून धग येत होती.

"म्हणजे पुन्हा कापायलाही काही ठेवलं नाही," मॅडम म्हणाली.

स्कूटरकडे वळलो आणि माझी बोबडी वळली. सीटवर, मधोमध, एक अर्धवट जळालेलं मूळ ठेवलं होतं. आलो तेव्हा नव्हतं. आम्ही राखेजवळ वाकलो होतो तेवढ्या वेळात कोणीतरी आमच्या मागे येऊन गेलं होतं.

"मॅडम, चला जी घरी," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण ओळखू आला नाही.

तेवढ्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआडून महादेवराव आले. हातात कुऱ्हाड. मी मॅडमच्या मागे झालो, हे कबूल करतो.

"काय शोधून राह्यले?" ते गुरकावले.

"तुमचं ओलित किती आहे, काका?" मॅडमनं असं विचारलं, जसं बाजारात भाव विचारतात.

महादेवराव गोंधळले. "ओलित कुठचं जी? सारं देवाच्या भरवशावर. प्यायचं पानी बी मी घरून आनतो."

"या शिवारात बारमाही पाणी कोणाकडे?"

त्यांनी हनुवटीनं पश्चिमेकडे दाखवलं. भगभगत्या काळ्या रानात एकच हिरवा तुकडा होता. "गुरुजीची वाडी. पयले कैलासच्या विहिरीवरून नळी टाकून पानी नेत. कैलासनं एकदा थे नळी तोडलीबी व्हती. मंग तो सुरतेले गेला, वावर गुरुजीनं बटईनं, अर्ध्या हिश्श्यानं केलं, विहीर त्याईचीच झाली. आता बोर हाय."

मग त्यांनी कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली आणि मान खाली घातली. "मॅडम, थे झाड चंद्रभान गावात यायच्या आधीचंच व्हतं. मी खोटं बोललो. कैलासशी माहं भांडन झालतं. वाटलं, आधीचं म्हनलं तं माह्यावरच येईन."

वाडीच्या कडेनं सागवानांची रांग होती. बोअरच्या पाटाजवळ वांग्याच्या वाळल्या झाडांचा ढीग दिसला. मॅडमनं पायानं ढीग सारला. खाली ताजा बुडखा होता, घेर आपल्या तुकड्याएवढाच. पाणी पिऊन पिऊन सतरा वर्षांत धुऱ्यावरच्या जुन्या झाडाएवढं झालेलं झाड इथं उभं होतं.

"काय पाहून राह्यला, गोपाल?"

गुरुजी मागेच उभे होते. हातात विळा, डोक्यावर ओला दुपट्टा, चेहऱ्यावर दुसरीतल्या वर्गातलंच हसू. "इतक्या उन्हात फिरू नये, बापा," ते म्हणाले. "मानसं मरतात."

५

"तुकडा खोटा आहे, हे मी सिद्ध करीन," दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाली. "पण खरं झाड केव्हा लावलं, ते सांगायला खरं लाकूड लागेल. वकील म्हणेल, तुमच्या निष्काळजीपणानं तुकडा हरवला. महादेवराव आधी एक बोलले, आता दुसरंच. तुझे भाऊजी आतच राहतील." ती ठाणेदारांना भेटायला निघून गेली. जाताना मला म्हणाली, दार लावून बस.

मी दार लावलं. कडी मात्र बसत नव्हती. ती दुरुस्त करायचं काम मार्चपासून माझ्याकडेच होतं.

बारा वाजता दार ढकललं गेलं. थैली घेऊन गुरुजी आत आले आणि बाकावर बसले. थैलीत वांगी नव्हती. विळ्याची मूठ बाहेर दिसत होती.

"मॅडम नाई?"

"येतच असन जी."

"पानी दे, गोपाल."

मी माठाकडे गेलो. डोळा त्या थैलीवर ठेवूनच पेला उचलला, तशी ताटलीच सरकली आणि फरशीवर खणखणली. खालची लाकडी चकती उघडी पडली.

चकतीवर काळ्या मार्करनं दोन सह्या होत्या. एक महादेवरावांची, वाकडी. दुसरी मोत्यासारख्या अक्षरात. त्या अक्षरात मी पाढे शिकलो होतो.

आरामशीनवरून काढून टाकलेला वरचा काप! फेकायचा म्हणून आणला आणि माठाला बरा बसला म्हणून ठेवला. चार दिवस आम्ही त्याच्याखालचं पाणी पीत होतो.

गुरुजींनीही पाहिलं. हसू गेलं. चेहरा नुसता म्हातारा झाला.

"थे झाकन मले दे," ते हळूच म्हणाले. "तुले नवं आनून देतो."

"ना जी."

"गोपाल, मी तुले मारलं व्हतं का कधी शाळेत?" ते उठले. विळा थैलीतून बाहेर आला. "मले माराले लावू नको."

शूर माणूस तिथं लढला असता. मी चकती छातीशी धरली, माठ त्यांच्या पायाशी ढकलून दिला आणि पळालो. भित्र्या माणसाला एकच विद्या नीट येते. मागे माठ फुटल्याचा, मग माणूस घसरून पडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. अनवाणी, सेहेचाळीस डिग्रीत, डांबरावरून, बंद वर्गांच्या रांगेपुढून पळत सुटलो, तो थेट फाटकातून आत येणाऱ्या पोलीस गाडीवर जाऊन आदळलो. तळव्यांना फोड आले होते. मॅडमनं मला धरलं तरी चकती माझ्या हातातून सुटेना.

६

सव्वीस वलयं. पहिलं १९९९चं.

मॅडमनं ठाणेदारांना सुई टेकवून दाखवलं: २००९, केसाएवढं. २०१४, २०१५, जेमतेम दिसतात. भिंतीवरच्या पट्टीशी रेघेला रेघ जुळली. "हे झाड आपल्या जिल्ह्यात जगलंय, प्रत्येक दुष्काळात घाबरलंय. आणि ते हेच झाड, याची साक्ष पंचांनी स्वतः सही करून दिली आहे."

बाकीचं तिनं तिथंच सांगितलं. कैलास १९९९च्या पावसाळ्यातच झाडाखाली होता. मग सुरतेहून पत्रं लिहिणार कोण? पत्रं वाचणारा एकच, परत नेणारा तोच, आणि लिहिता-वाचता येणारा थोरला भाऊ घरी येताच पत्रं बंद. पत्रात मागणंही एकच: विहिरीचं पाणी. गुरुजींनी वांग्यांखाली लपवून दुसरा तुकडा आणला आणि चिठ्ठी त्याच्यावर चिकटवली. तो निवडताना त्यांनी घेर पाहिला, वाडीतलं ते झाड आपण कधी लावलं ते आठवलं, आणि एक वलय एक वर्ष हा पाठ गिरवला. वलयाची जाडी पाऊस सांगते, हे शाळेच्या पुस्तकात नव्हतं.

मनगट मोडलेल्या गुरुजींनी सगळं कबूल केलं. नळी तोडली म्हणून भांडण झालं, हातात फावडं होतं; मग धुऱ्यात पुरून वर सागवान लावलं. आमच्या स्कूटरवर मूळ त्यांनीच ठेवलं होतं. "मारायचं नव्हतं," ते म्हणत राहिले.

भाऊजी घरी आले त्या दिवशी मी पंचफुलाकडे गेलो. पायांना पट्ट्या होत्या. आनंदाबाई ओट्यावर बसली होती. तिला सगळं सांगायचं काम कोणीच घेत नव्हतं. मी तिच्याजवळ बसलो आणि सांगून टाकलं. हाडं कैलासची. पत्रं गुरुजींची.

तिनं मग पदर डोक्यावर नीट घेतला.

"मले तवाच समजाले पायजे व्हतं," ती म्हणाली. "माहा कैलास वावरातून आला की पयले विचारे, 'आई, तू जेवली का?' आठ वर्सं पत्रं आली, गोपाल. एकाबी पत्रात नाई विचारलं. मी समजत व्हती, शहरात जाऊन पोरगा बदलला. मी त्याच्यावर रागावून राह्यली व्हती."